बागेतल्या हास्यक्लबात आज कोण हसलं?

जालनेकरांनो, बागेतून येऊन दोन तास झाले, चहा तसाच पडलाय.

कुंडलिकेकाठच्या मोठ्या बागेत, ओपन जिमच्या मागं, आमचा हास्यक्लब रोज सकाळी गोल करून उभा राहतो. हात वर करायचे, जोरात हसायचं आणि क्लब घेणाऱ्या मॅडम "बस" म्हणाल्या की थांबायचं. गायकवाड काकांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते एकटेच हसत राहायचे. मी त्यांच्या शेजारी. मंग मी खांद्यावर हात ठेवला की थांबायचे.

काका मागच्या आठवड्यात वारले. त्यानंतर आज आम्ही पहिल्यांदाच जमलो आणि सवयीनं त्यांची जागा सोडूनच उभे राह्यलो.

हसून झालं. मॅडम "बस" म्हणाल्या. सगळे थांबले, पण एक हसणं चालूच राह्यलं. तोंडं तर सगळ्यांची बंद होती.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, बस झालं आता." तरी चालूच.

मंग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी शेजारच्या रिकाम्या जागेत हात पुढं केला. हाताला काहीच लागलं न्हाई, पण हसणं थांबलं.

आता तुम्हीच सांगा, उद्या जाऊ का नको? मी न्हाई गेलो, तर त्यांना थांबवणार कोण?