चेअरमनचं नाव थांबवणारा प्रकाश

प्रकाश गेला.

सकाळी मनीषाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. हार्ट अटॅक. मी ‘हो, हो’ म्हणत ऐकलं, फोन ठेवला, डबा भरला आणि ऑफिसला आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. संगमनेरला कॉलेजात आम्ही प्रोजेक्ट पार्टनर. जवळच्या एका दूध डेअरीसाठी जावामध्ये प्रोग्रॅम लिहीत होतो. काट्यावर दूध ठेवलं की वजन थेट कॉम्प्युटरवर.

चेअरमनची एक हौस होती. स्क्रीनवर त्यांचं नाव सतत सरकत राहिलं पाहिजे.

म्हणजे दोन थ्रेड. एकाच वेळी चालणारी दोन कामं. एक काटा वाचणार, दुसरा नाव पळवणार.

मशीन जुनं. नाव झोकात पळायचं आणि वजन अडकायचं.

एका बाईंच्या दुधाला त्यांच्या आधीच्या माणसाचंच वजन लागलं. त्या किटली उचलून निघाल्या. प्रकाशने त्यांना परत बोलावलं.

मग त्याने काट्याच्या थ्रेडला सगळ्यात वरची प्रायॉरिटी दिली. नावाला सगळ्यात खालची.

“आपन नुसतं सांगतो गं. मशीन ऐकंलच असं न्हाई,” म्हणाला, आणि डेअरीतच बसून पुन्हा पुन्हा तपासत राहिला.

डेमोला चेअरमन आले. दुधाची रांग लागलेली.

त्यांचं नाव अर्ध्यावर येऊन थांबलं. आडनाव दिसेचना.

आमच्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

“आमचं नाव का थांबलं?”

“काटा चालू हाय, साहेब. आधी दूध, मग नाव.”

“उलटं करता येतं का?”

“येतं. पन मी करनार न्हाई.”

चेअरमन जीपमध्ये बसून निघून गेले. पुढे डेअरीने कळवलं, प्रोग्रॅम नको.

आम्ही कसेबसे पास झालो. मी पुण्याला आले. तो तिथेच राहिला, कॉम्प्युटर क्लास काढला.

चेअरमन बदलल्यावर त्याच डेअरीने त्याला बोलावलं आणि तोच प्रोग्रॅम घेतला.

मला फोन करून एवढंच म्हणाला, “आपला प्रोग्रॅम बसला गं.”

मी काहीतरी बोलले असेन. आठवत नाही.

आत्ताही काही होत नाहीये. मघाशी एका मीटिंगला हो म्हटलं. कशाची, ते वाचलं नाही.

दुपारच्या एसटीने निघतेय. मनीषाशी काय बोलायचं, माहीत नाही. शेजारी बसेन.

जा म्हणवत नाही, प्रकाश.

ये.