सुरी खाली ठेवा

पत्नी गेल्यानंतर स्वयंपाकघरातली तिची सुरी मी वापरू लागलो. पातं घासून घासून अरुंद झालेलं, लाकडी मूठ तिच्या हाताने गुळगुळीत झालेली. चिनीमातीच्या बरणीच्या बुडावर घासून ती धार लावत असे. मी हे असंख्य वेळा पाहिलं होतं, पण पातं नेमकं किती तिरकं धरायचं ते काही जमेना. सुरी बोथट होत गेली. एका सकाळी ती कांद्यावरून घसरली आणि डाव्या हाताचं बोट चांगलंच कापलं.

टाके पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, आता पुरे. हडपसरला आमच्याकडे राहायला या."

"बोट कापलंय. पाय नाही."

"पुढच्या वेळी काही झालं तर कोण असेल इथे?"

विश्रांतवाडीतलं हे घर सोडलं तर तिच्या आईला मी कुठे आठवायचं, हे काही मुलीला विचारता येईना. म्हणालो, "चांगली सुरी आणतो. रविवारी जेवायला ये. मग ठरव."

मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानात जाण्याआधी सवयीप्रमाणे वाचून घेतलं होतं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, मूठ जराही हलता कामा नये, तोल मूठ आणि पातं मिळतात तिथे साधला पाहिजे. मी एकेक सुरी बोटावर आडवी तोलून पाहत होतो.

"अहो, सुरी घेताय की सून बघताय?" दुकानदाराने विचारलं.

"सून बघायला एवढा वेळ कोण देतं?"

तो हसला. कपाटातून त्याने आणखी एक सुरी काढली. मी हात पुढे केला, पण त्याने ती काउंटरवर ठेवली. आमच्या घरीही सुरी कधी हातात देत नसत. "खाली ठेवा, भांडणं होतात," पत्नी म्हणायची. मी ओट्यावर ठेवायचो, ती उचलायची. हात तसाच पुढे धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. मग सुरी उचलली. जड नव्हती, हलकीही नव्हती. घेतली.

रविवारी कोबी चिरला. पत्नीसारखा बारीक नाही, पण एकसारखा झाला. मुलीने आधी माझी बोटं पाहिली, मग भाजी. जेवण झाल्यावर तिने नव्या सुरीने एक टोमॅटो कापून पाहिला. साल न दबता कापली गेली.

"धार बरी आहे. धुतल्यावर लगेच पुसत जा," ती म्हणाली. हडपसरचा विषय तिने काढला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग ती म्हणाली, "तुम्ही येत नाही, तर आईची सुरी तरी मला द्या. इथे राहिली तर तुम्ही तीच वापराल."

खरंच होतं ते. पण घर राखताना ही सुरी जाईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. नाही म्हणावं असं फार वाटलं. आई तिचीही होती. मी खणातून सुरी काढली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

"हातात नको, बाबा. खाली ठेवा."

मी ठेवली. तिने उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घातली.

ती गेल्यावर नवी सुरी धुतली, पुसली आणि ओट्यावर ठेवली. बराच वेळ ती तिथेच पडून होती. शेवटी मीच उचलली.