जरा बाजूला सरा

"जरा बाजूला सरा." हे म्हणताना मास्तर समोरच्याकडे बघायचासुद्धा नाही. डोकं काळ्या कापडात, आणि कापडाबाहेर आलेली डाव्या हाताची चार बोटं माशी हाकलल्यासारखी हलायची. बाजूला सरणारा पाटील आहे की पाटलाची म्हैस, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या कडा गावात हा होता, आणि तोही माझ्या घराशेजारीच. सरकारी मदरशात पोरांना उर्दू शिकवायचा आणि जुम्म्याची सुट्टी आली की कॅमेऱ्याचा तीन पायांचा लाकडी डबा खांद्यावर टाकून निघायचा. बरं, फोटो काढायचे तर माणसांचे काढावेत. कुणाचं लग्न असो की कुणाचं बारसं, याचं उत्तर ठरलेलं, "माणसं हलतात." याला पाहिजेत बाभळी, नदीचं कोरडं पात्र, स्वतःच्या परसातला रांजण.

एकदा काळविटासाठी तीन दिवस माळावर पालथा पडून राहिला. मग मोरीच्या अंधारात फोटोची काच धुऊन, उन्हात कागदावर छापून, मोठ्या अभिमानानं आम्हाला दाखवायला आणला. कागदावर गवत होतं आणि गवतात मोहरीएवढा ठिपका. "काळवीट हाय," म्हणाला. ज्या जनावरांना आम्ही रोज दगड मारून हरभऱ्यातून हाकलत होतो, त्यातलं एक याला तीन दिवसांत एवढंसं मिळालं होतं. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. मला तर त्याची कीवच आली.

मी करोडगिरीच्या नाक्यावर कारकून होतो. नगरकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून, निजामाच्या हद्दीत येणारा माल उघडून बघायचा, हे माझं काम. मास्तर मला मुन्शी म्हणायचा.

एका जुम्म्याला मी घरीच होतो, तेव्हा तो आमच्या अंगणात आला. आमच्या लिंबावर कसल्याशा पाखरानं घरटं केलं होतं. माय ओट्यावर सुपात जोंधळे निवडत होती. डबा बघून ती आत गेली, संदुकीतलं हिरवं इरकली लुगडं नेसून आली आणि सुपाशेजारी ताठ बसली. तिला वाटलं, आपला फोटो काढायला आलाय. उभ्या जन्मात तिचा एकही फोटो निघाला नव्हता.

कापडातून बोटं बाहेर आली. "माय, जरा बाजूला सरा."

माय उठली आणि त्याचं होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. मी दारातून हे बघत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिन्याभरानं तो बैलगाडीतून नगरहून परत आला. नाक्यावर मीच होतो. त्याच्या मांडीवर एक खोकं होतं. तेव्हा चित्र काचेवर उतरायचं, आणि त्या कोऱ्या काचांना आधीच उजेड लागला की त्या बाद. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यानंच वीसदा सांगितलं होतं.

"खोलीत न्या, दार लावून हातानं चाचपून बघा, मुन्शी," तो म्हणाला. "उन्हात तेवढं उघडू नका."

मागणी रास्त होती. अफू काय, चांदी काय, हातालाही कळली असती. मी खोकं बाहेर भर उन्हात उघडलं. बारा काचा होत्या. एकेकीचा काळा कागद फाडून मी त्या भिंतीला ओळीनं उभ्या केल्या. तो पुढं आला तेव्हा मी डाव्या हाताची चार बोटं हलवली आणि म्हणालो, "जरा बाजूला सरा, मास्तर." शिपाई खो खो हसले. तो बाजूला सरला.

संध्याकाळी जेवताना मी हे मायला रंगवून सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"मास्तर तर म्हनला, काचा गाडीत फुटल्या. दुपारीच सांगून गेला."

तुला कशाला सांगायला आला, असं मी विचारलं. मग तिनं सांगितलं. कापडाआड सगळं उलटं दिसतं. माय नटून बसली होती हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बायकोनं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी, मी कामावर असताना, तो येऊन मायच्या पाया पडला होता. जवळची शेवटची काच लिंबावर खर्ची पडली होती. नगरहून नव्या आणतो, पहिली तुमच्यासाठी, असं कबूल करून गेला होता.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू हसला असता," माय म्हणाली.

मास्तर नगरहून येणार म्हणून लुगडं तिनं सकाळीच संदुकीतून बाहेर काढून ठेवलं होतं. भाकरी झाल्यावर तिनं ते परत संदुकीत ठेवलं.

मास्तरांची माफी मागायला मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. खरं तर मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पुढच्या सुट्टीत ते पुन्हा नगरला जाणार होते. त्याआधी तापाची साथ आली आणि पाच दिवसांत माय गेली.

तेराव्याला मास्तर आले. माझ्या हातात एक कागद ठेवला. "यात माय न्हाईत," म्हणाले, "पन त्याच दिवशीचा हाय." मी त्यांना बसायला घोंगडी टाकली, माफी तेवढी मागितली नाही. ते थोडा वेळ बसले आणि उठून गेले. वर्षभरात त्यांची वडवणीकडे बदली झाली. पुन्हा कधी भेट झाली नाही.

तो फोटो मी भिंतीवर लावलाय. चांगला म्हणावा असा तो नाही. पाखराचं घरटं मला आजवर सापडलेलं नाही, आणि मास्तरांना फोटो काढता येत नव्हते हे माझं मत अजून कायम आहे. लिंब आहे, ओटा आहे, ओट्यावर सूप आहे आणि सुपात अर्धवट निवडलेले जोंधळे. येणारेजाणारे विचारतात, नुसत्या झाडाचा फोटो कशाला लावलाय? मी कागदाच्या उजव्या कडेकडे बघत बसतो. त्या कडेपासून दोन हातांवर माय हिरवं लुगडं नेसून, भिंतीला टेकून उभी आहे.