डाव्या भुवईचा रकाना

माझी ताई नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि त्याच कॉलेजात मी सरावाची खोली सांभाळते. सहा पलंग, चार रबरी पुतळे, टॉर्च, मोजपट्ट्या आणि भिंतीवर एक मोठा आरसा, एवढा माझा संसार. राहतो आम्ही एकाच घरात, पण कॉलेजात मी तिला सगळ्यांसारखं 'मॅडम' म्हणते. ती मात्र कपाटाची किल्ली सापडली नाही की भर वर्गात मला "अगं वेंधळे" म्हणून हाक मारते. बावीस वर्षं हे असंच चाललंय.

ताईचा विषय म्हणजे डोकं, चेहरा आणि मान. "आधी बघा, मग हात लावा," हे तिचं पालुपद. कवटी बोटांनी कशी चाचपायची, कानामागच्या आणि जबड्याखालच्या गाठी कशा शोधायच्या, पेशंटच्या मागे उभं राहून त्याला पाण्याचा घोट गिळायला लावून थायरॉइड कशी तपासायची, हे मुली तिच्याकडून शिकतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या कुणी एकदम दाबायला गेली तर ती ओरडते, "एका वेळी एक! नाहीतर पेशंट चक्कर येऊन तुझ्याच पायावर पडेल, आणि उचलायचा कुणी?" राग कायम नाकावर. मुली तिला टरकून असतात.

या बाईलाच एका सकाळी चूळ भरता येईना. पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. तिनं आरशात बघून भुवया उंचावल्या. उजव्या कपाळावर आठ्या पडल्या, डावं कपाळ इस्तरी केल्यासारखं सपाट राहिलं. डावा डोळा मिटेना. भावोजी तर पार हादरले. "अर्धांगवायू आहे का गं?" असं तिलाच विचारायला लागले.

ताईनं दोन्ही हात वर उचलून पाहिले आणि म्हणाली, "अर्धांगवायूत कपाळ सहसा हलतं. माझं कपाळही गेलंय, हात ठीक आहेत. म्हणजे बहुतेक चेहऱ्याची नस असावी. पण ते ठरवायला डॉक्टर आहेत. बघत काय बसलात, गाडी काढा!" 'प' आणि 'ब' तिच्या ओठांतून निसटत होते, पण हुकूम सोडणं थांबलं नव्हतं.

तिचा अंदाज खरा ठरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना पापणीवर पट्टी लावायला सांगितली. "तीन महिन्यांत हालचाल दिसायला लागली तर चेहरा परत येईल," ते म्हणाले. "नाही दिसली, तर आणखी तपासण्या कराव्या लागतील."

झालं. त्या दिवसापासून ताईचा सगळा जीव एका हालचालीत अडकला. आरशावर तिचा विश्वास नव्हता. "मला हवं तेच दिसतं त्यात," ती म्हणायची. म्हणून रोज सकाळी भुवया उचलून ती आम्हाला विचारायची, "हलतंय का?" भावोजी पेपरमागून म्हणायचे, "फरक आहे." मीही म्हणायचे, "आहे गं, खूप फरक आहे." शेजारीण तर फोनवरच सांगायची की आवाजावरून चेहरा सुधारलेला वाटतोय.

सहा आठवड्यांनी ताई वर्गावर आली. पुतळा बाजूला सारून स्वतः स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आज मला तपासा. फॉर्म भरा." एकतीस मुली एकेक करून पुढं आल्या. भुवया उचला, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा, पाण्याचा घोट घ्या. मी फॉर्म गोळा करून तिच्या हातात दिले. ती एकेक मोठ्यानं वाचायला लागली.

"चेहरा: दोन्ही बाजू सारख्या." पुढचा फॉर्म. "दोन्ही बाजू सारख्या." पुढचा. तेच. तीस फॉर्म, तीस वेळा सारख्या!

निम्म्या मुलींनी फळ्यावर लिहिलेला निरोगी माणसाचा नमुना जसाच्या तसा उतरवला होता, आणि उरलेल्यांनी मॅडमच्या तोंडावर कसं लिहायचं म्हणून. ताईचा पारा चढला. "रोज अर्धा कप चहा माझ्या अंगावर सांडतो आणि तुम्हाला सारख्या दिसतात? भीड भिकेची बहीण असते, मुलींनो! माझी भीड धरलीत, उद्या पेशंटची धराल, आणि भोगेल तो." मी पुतळ्याची उशी नीट करायला लागले. मला काय, मी थोडीच तिची विद्यार्थिनी होते.

एकतिसावा फॉर्म वर्गातल्या एका घाबरट मुलीचा होता. एक शब्द लिहायचा नि तीन खोडायचे, म्हणून सगळे तिला खोडरबर म्हणायचे. चेहऱ्याच्या रकान्यात कागद खरवडून भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडेनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: डावी भुवई हलत नाही. डावा डोळा पूर्ण मिटत नाही. तोंडाचा डावा कोपरा खाली.

"आधी काय लिहिलं होतंस?" ताईनं विचारलं.

"सारख्या," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मग खोडलंस का?"

"तुम्ही घोट घेतलात आणि पटकन रुमाल लावलात, मॅडम. मग खोटं लिहवेना."

ताईनं त्या भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "दर सोमवारी तू मला तपासायचंस."

पुढचे चार सोमवार खोडरबरनं एकच लिहिलं: हालचाल नाही. मला त्या पोरीचा भयंकर राग यायचा. एखाद्या सोमवारी खोटं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? ताई मात्र प्रत्येक फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवायची, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पुढच्या तपासण्यांच्या चिठ्ठीशेजारी. अकराव्या आठवड्यातल्या सोमवारी घरून निघताना मी सवयीनं म्हटलं, "आज फरक वाटतोय हं." "तुझं तोंडदेखलं पुरे," ती म्हणाली आणि चपला घालून चालायला लागली.

त्या दिवशी खोडरबरनं तपासायला फार वेळ लावला. पुन्हा पुन्हा भुवया उचलायला लावल्या. मग फॉर्म दिला आणि मागं सरकून उभी राहिली.

ताईनं वाचलं. मग त्या रकान्यावरून सावकाश अंगठा फिरवला. कागद गुळगुळीत होता. कुठं खोडलेलं नव्हतं.

"डावी भुवई किंचित हलते," ती पुटपुटली. "नक्की?"

"नक्की, मॅडम. आधी बघितलं, मग हात लावला."

"अगं वेंधळे, इकडं ये!" ताईनं मला हाक मारली. "तू सांग. काय दिसतंय?"

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. अकरा आठवडे मी 'फरक आहे' म्हणत होते ते तिच्या केसांकडे बघत, खांद्याकडे बघत, मागच्या खिडकीकडे बघत. त्या चेहऱ्याकडे बघायची माझी छातीच झाली नव्हती. आता बघितलं, तर माझेच डोळे भरून आलेले.

"थांब गं," मी म्हणाले, "डोळे पुसू दे आधी."

"पूस," ताई म्हणाली. "घाईनं काही सांगू नकोस."

आणि माझे डोळे पुसून होईपर्यंत ती भुवया उंचावून तशीच बसून राहिली.