तुमकूरपर्यंत जाणारी गाडी

ज्या माणसाला निपाणीला जायचं होतं, त्याच्यासाठी मी तुमकूरला पोचून बंद पडेल अशी गाडी पसंत केली होती. तीही बाजारात यायच्या आधीच. आणि आधी पारख करत, मग तिची वाट बघत त्या माणसाला अडीच वर्षं ताटकळत ठेवलं होतं. आयुष्यात मी मूर्खपणे पुष्कळ केले. बाकीचे सांगताना मला हसू आवरत नाही. हा सांगतानाही येतं, पण अर्ध्यावर थांबतं.

हल्ली व्हाइटफील्डची नात मोबाइलवर दोन-दोन गाड्या शेजारी मांडून मला विचारते, "आजी, हायब्रिड घेऊ की सरळ इलेक्ट्रिक?" मी म्हणते, माझ्यासारख्या तज्ज्ञ बाईचं ऐकशील तर गाडीत बसेपर्यंत तुझी साठी होईल.

माझं तज्ज्ञपण नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी फार बहरात होतं. आम्ही बसवनगुडीत राहत होतो. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे मला सगळंच कळत असे. आमचे हे मूळचे निपाणीचे. तीस वर्षं कारखान्याच्या बसनं गेले-आले, एकाच खिडकीत बसून. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला न विचारता मोटार शिकायच्या शाळेत नाव घालून आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी. लायसन्स मिळालं त्या दिवशी अंघोळ करताना शीळ घालत होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि ह्यांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं.

त्यांचं मागणं एकच होतं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी पेन्सिलीनं रस्ता काढला होता: दोन तासांवरचं तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरेला लोण्याचा डोसा, मग हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी. तिथे त्यांची थोरली बहीण. "एकदा स्वतः चालवत अक्काच्या दारात जायचंय," म्हणाले. "नंतर गाडी विकून टाकली तरी चालेल."

पहिली गाडी बघितली ती पेट्रोलची, छोटी, फिकट निळी. विक्रेत्यानं शेजारी बसून त्यांना लालबागेभोवती एक फेरी मारू दिली. उतरले ते लहान मुलासारखे.

"हीच घेऊ."

"पहिलीच? अहो, गांधीबाजारात आपण भेंडीसुद्धा पहिल्या टोपलीतली घेत नाही."

"भेंडी चालवत निपाणीला जायचं नसतं," ते म्हणाले. पण घेतली नाही. माझ्यापुढे ते असेच एकदा बोलायचे आणि गप्प व्हायचे. मला वाटायचं, पटलं.

मग मी दोनशे पानी वही आणली. पेट्रोलला एक रकाना, डिझेलला एक, गॅसला एक. डिझेलची गाडी सिग्नलला उभी राहिली की अंगभर थरथरायची. माझ्या बांगड्या आपोआप वाजत होत्या. तेही मी लिहून ठेवलं. गॅसची म्हणजे शाळेतल्या एका बाईंच्या घरची. तिला एक बटण होतं, इकडे केलं की पेट्रोल, तिकडे केलं की गॅस. डिकीत स्वयंपाकाचा लाल सिलिंडर आडवा घातलेला. बॅग ठेवायला जागा नाही आणि चढावर वास. "मागं सिलिंडर, पुढं मी. वाटेत फोडणीही देते," असं मी म्हणाले आणि स्वतःच हसले. हे समोर बघत गाडी चालवत होते. त्यांना तीही चालली असती.

असं वर्षभर चाललं होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी मला चौथा रकाना दिला. अण्णा निवृत्त इंजिनियर, म्हैसूरकडचे. कॉफीला खाली आले होते.

"अक्का, स्वल्प थांबा," मला म्हणाले. "आपल्याच गावात बॅटरीवरची मोटार तयार होतेय. मी चाचणीला फिरताना बघितली. धूर नाही, आवाज नाही. घरच्या प्लगला लावून ठेवायची."

मी विरघळले. विज्ञानाच्या बाईला आणखी काय पाहिजे?

ह्यांनी विचारलं, "एकदा भरली की जाते किती?"

"तुमकूरपर्यंत आरामात."

"आणि पुढे?"

अण्णा कॉफी प्यायला लागले.

"पुढे काय? तुमकुरात कुणाच्या तरी घरी प्लग असेलच," असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. त्या उन्हाळ्यात आमच्याच घरी रोज दोन-दोन तास वीज नसायची आणि मी तुमकूरच्या अनोळखी माणसांच्या भिंतीतल्या प्लगवर प्रवास आखत होते.

बॅटरीची गाडी आज येईल, उद्या येईल असं होत राहिलं. मध्येच हे चिकाटीनं म्हणायचे, "तोवर ती निळी घेऊन टाकू का?" तेव्हा मी दुसरं हत्यार काढायचे. मी पुण्याची, त्यामुळे पितृपक्षात खरेदी नाही, अमावास्येला नाही. शेजारणी कानडी, त्यांच्यात आषाढ वाईट, धनुर्मास वाईट. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, ही निपाणीची भर. सवड तर शनिवारीच असायची.

विक्रेता एकदा काकुळतीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही मराठी लोक. तुम्हाला आषाढ कुठे असतो?"

"आम्ही दोन्हीकडचं पाळतो," मी ऐटीत सांगितलं.

दोन्ही प्रांतांचे वाईट दिवस मी आपलेसे केले होते. चांगल्या दिवशी मात्र मला शाळेचे पेपर तपासायचे असत.

ह्या सगळ्यात मी गाड्यांकडे इतकी निरखून बघत होते की कुठल्या आरशात काय दिसतं हे मला पाठ होतं. ह्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला होता. टेबलावर डाव्या हाताशी ठेवलेला पेला कलंडायचा. मी म्हणायचे, "अहो, किती धांदरटपणा. म्हातारे झालात की काय?" ते खाली वाकून फरशी पुसायचे. चष्मा बदलून घ्यायला हवा असं त्यांनी दोनदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा स्वतःच म्हणाले, "गाडीचं एकदा ठरू दे, मग चष्म्याचं बघू." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. एका वेळी एकच काम.

शेवटी एक नवं पेट्रोल मॉडेल आलं तेव्हा, वहीत एक ओळ वाढावी म्हणून, मी पुन्हा एक फेरी ठरवली. सकाळची वेळ होती. विक्रेता ह्यांच्या शेजारी बसला, मी मागे वही घेऊन. बाजाराजवळच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला. मागे केळीच्या पानांचे भारे होते. मला तो चांगला लांबून दिसला. विक्रेत्यालाही दिसला. ह्यांनी सावकाश, अगदी शिकवल्याप्रमाणे हात दाखवून, गाडी त्याच्या अंगावर घातली.

विक्रेत्यानं हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. सायकलवाला नुसता पडला, उठला, कोपर चोळत विचारायला लागला, "कण्णु काणल्वा?" डोळ्यांना दिसत नाही का?

हे उतरून त्याची पानं गोळा करायला लागले. मीही उतरले. ते वाकून एकेक पान उचलत, झटकत, रचत होते. उजवीकडची सगळी उचलली. समोरची उचलली. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "झाली." त्यांच्या डाव्या पायाशी सात-आठ पानं तशीच पडली होती.

मी ती उचलली. वही गाडीतच राहिली. अडीच वर्षांत पहिल्यांदाच.

कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रासमोर बसवून बारीक दिवे दाखवले. दिसला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ बटण वाजलंच नाही. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कड जवळजवळ गेली होती, उजव्याची चालली होती. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत येत नाही, उरलंय ते ऑपरेशन करून टिकवायचा प्रयत्न करता येईल, उशीर नको. गाडी ह्यापुढे चालवायची नाही.

"कधीपासून जाणवतंय?" त्यांनी विचारलं.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोनेक वर्षं झाली असतील. मला वाटलं, काच जुनी झालीय."

लायसन्स मिळालं त्या वर्षी ती निळी गाडी घेतली असती, तर निपाणी चार वेळा झाली असती. चष्म्यासाठी डोळे तपासणंही तेव्हाच झालं असतं. हा हिशेब मांडायला मला वही लागली नाही.

बॅटरीवरची गाडी पुढे खरंच आली. आमच्या रस्त्यावर एका बाईंनी घेतली, चिमुकली, बिनआवाजी. ती दिसली की ह्यांना दाखवावी असं मला वाटायचं. मी सांगेपर्यंत ती डावीकडून निघून गेलेली असायची.

पण ते नंतरचं. डॉक्टरांकडून आलो त्या आठवड्यात मी काय केलं ते सांगायचं राहिलं. शाळेतल्या बाईंनी ऑपरेशनसाठी एक डॉक्टर सुचवले, अण्णांनी दुसरे, माझ्या भावानं पुण्याचे तिसरे. कुणाचा हात हलका, कुणाकडे यंत्र नवं, कोण पेशंटशी नीट बोलतं, ह्याची मी फोनवर फोन करून विचारपूस चालवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी हे पायरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, मुद्दाम उजवीकडे, आणि सांगायला लागले की घाई नको, अजून दोन ठिकाणी चौकशी करतेय.

त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, पुरे चौकशी. मी असं सरळ बघितलं तर तू अजून अख्खी दिसतेस. तेवढी दिसतेस तोवर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात माझं नाव घालून ये."