रत्नाबाईंची "शी"

रत्नाबाईंची "शी" साधी नव्हती. आधी नाकातून निघायची, मग दातांतून, आणि शेवटी पदराआडून. जास्त करून ती नणंदेच्या वाट्याला यायची. अक्काताई लहानपणीच्या तापात लुळी पडलेली. हातपाय हलत नाहीत, जिभेला वळण नाही. जैनाचं घर, दिवस बुडाल्यावर घास चालायचा नाही. म्हणून उन्हं कलली की भरवायला बसायचं. मऊ भात आत जायचा, निम्मा हनुवटीवरून परत यायचा.

शेवटी ठरलं. सोमवारी सकाळच्या मोटारीनं अक्काताईला गारगोटीला थोरल्या दिरांकडं पोचवायचं. बोचकं रत्नाबाईंनी स्वतः बांधलं. त्या खुशीत त्यांचे मालक जयपाल रविवारी त्यांना इंग्रजी सिनेमाला घेऊन गेले. अक्काताईजवळ शेजारची तानाबाई बसली.

पडद्यावर एक गोरी पोरगी खाटेवर ओंडक्यासारखी पडलेली, आणि मिशाळ बाप तिला चमच्यानं कसलंसं खिमट भरवतोय. हनुवटीवरून ओघळ. तोही पडद्याएवढा.

"शी. घरी फुकट दिसतंय ते हितं तिकीट काढून बघायचं व्हय?"

"गप बस की. म्होरं मारामारी आसंल."

म्होरं चमचाच होता. तो पोरीच्या ओठाशी गेला की बापाचंच तोंड उघडायचं. बावळट दिसत होता मेला.

"जांभई आली व्हय गं?" जयपालांनी विचारलं.

रत्नाबाईंनी तोंड मिटलं. ते कधी उघडलं, त्यांना कळलंच नव्हतं. रोज असंच उघडत असणार. गारगोटीची जाऊ दिवाळीला आली होती, ती मान फिरवून, ओठ आवळून भरवायची. अक्काताईनं तिच्या हातचा घास घेतलाच नव्हता. थेरं आहेत, असं तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या होत्या. आता डोळे वाहायला लागले, पाठोपाठ नाक. परक्या मुलखातल्या पोरीपायी हे असलं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"चला, दिवस बुडंल."

"आत्ता कुठं रंगात आलंय."

"मग बसा तुम्ही."

घरी पोचल्या तेव्हा भिंतीच्या माथ्यावर उन्हाची चिंधी उरली होती. तानाबाई घास धरून बसलेली. "खाईतच न्हाईत बघा, वैनी."

रत्नाबाईंनी घास घेतला आणि आ केला. अक्काताईनंही केला. निम्मा भात ठेवणीतल्या लुगड्यावर आला.

ऊन गेलं, अक्काताई अर्धपोटीच राहिली. मागून जयपाल आले. "मोटार लवकरची हाय. बोचकं कुठाय?"

"सोडलं."

"आता दादाला काय सांगू?"

"सांगा, तुमच्यात कुणाचं तोंड उघडत न्हाई," लुगड्यावरची शितं निपटत त्या म्हणाल्या. आणि मग नाकातून, दातांतून, पदराआडून, "शी."