मागच्या पाळीवाल्याच्या खुणा

कॉलनीत तिला सगळे काटेवाली म्हणत, आणि तिला ते आवडायचं. गच्चीवर बासष्ट कुंड्या, पण एकीतही वासाचं फूल नाही. सगळे निवडुंग आणि जाड पानांची झाडं. शेजारीण नाक मुरडायची, "हात लावावा तर टोचतं. हा कसला छंद?" काटेवाली म्हणायची, "थोडक्यात भागवतात आणि गप्प बसतात. माणसांत असं कोणी असेल तर दाखव."

नवरा पाणीपुरवठ्यातला निवृत्त व्हॉल्व्हमन. एकतीस वर्षं त्यानं आपल्या पाळीत ठरल्या मिनिटाला चावी फिरवून अर्ध्या गावाला पाणी सोडलं. अशा माणसाच्या बायकोनं पाणी न मागणारी झाडं पाळावीत, यावर घरातली थट्टा ठरलेली. "माझ्या पोटावर पाय देतेस," तो म्हणायचा.

तिच्या मते या झाडांची निम्मी निगा हात आवरण्यात होती. मातीत लाकडी काडी खुपसायची आणि ओली निघाली तर मुकाट्यानं मागे फिरायचं. पान सुरकुतलं तर तहान, लिबलिबीत झालं तर पाणी जास्त. बस, एवढंच शास्त्र.

मुलीच्या बाळंतपणासाठी वीस दिवस जायचं ठरलं, तेव्हा मुलगीच फोनवर म्हणाली, "आई, बाबा एकटे राहतील ना? परवा त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली."

"वय झालं की विसरतो माणूस," काटेवालीनं उडवून लावलं. फ्रिजमध्ये सापडलेल्या चष्म्याकडेही तिनं असाच कानाडोळा केला होता. कॅलेंडरवर दोन तारखांना लाल गोल करून ती नवऱ्याला म्हणाली, "फक्त या दोन दिवशी पाणी. कुंडीला एक कप. घातलं की खूण करायची."

"अगं, पाणी सोडायला मला शिकवतेस?"

वीस दिवसांनी ती परतली आणि बॅग दारात टाकून आधी गच्चीवर गेली. जिन्यातच कुजका वास आला. जाड पानांची झाडं चिखलात पडलेल्या भाजीसारखी झाली होती. गोल निवडुंग उचलायला गेली, तर वरचा भाग हातात आला आणि खालचा कुंडीतच राहिला.

"अहो, काय केलंत हे?"

"तू सांगितलंस तेच." त्याची मान ताठ होती. "एक दिवस चुकलो नाही."

ती धावत स्वयंपाकघरात गेली. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत खुणा होत्या. कुठे तीन, कुठे पाच, एका मंगळवारी सात.

"या सगळ्या कुणाच्या?"

त्यानं नीट वाकून पाहिलं. "मागच्या पाळीवाल्याच्या. त्यानं त्याचं पाणी सोडलं, आपण आपलं सोडायचं."

तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरी आणि स्पिरिट घेऊन बसली. माणसाच्या उंचीचा एक निवडुंग होता, मुलगी जन्मली त्या वर्षी लावलेला. घरात त्याला थोरला म्हणत. खालून कुजला, तरी वरचा निरोगी शेंडा कापून सावलीत सुकवला की पुन्हा मुळं धरतो. फक्त कापल्या जागी मधला गाभा स्वच्छ हवा. तपकिरी ठिपका दिसला तर सुरी पुसून आणखी वर कापायचं. तिनं कापलं. ठिपका. आणखी कापलं. ठिपका. हा वाचला तर नवराही बरा होईल, असं तिनं मनाशी धरलं. वेडेपणा आहे हे कळत होतं, तरी सोडवेना. दुपारपर्यंत थोरला बोटाएवढा उरला, आणि बोटाच्या मधोमध ठिपका होताच.

"काय झालं गं थोरल्याला?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही मारलंत!" तिचा तोल गेला.

तो पायरीवर बसून पोरासारखा रडला. मग खाली जाऊन चहा पिऊन आला. "काय झालं गं थोरल्याला?" तिनं पुन्हा सांगितलं, हळू आवाजात. तो पुन्हा रडला, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. बरा होतोय."

"मग पाणी घालतो!" तो खुलला.

बासष्टांतली अकरा झाडं वाचली होती. ती तिनं मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि कुलूप लावलं. थोरल्याचा तो कुजका तुकडा एका कुंडीत खोचून नवऱ्यापुढे ठेवला. "हे तुमचं. हवं तेवढं घाला."

आठवडाभर घरात शांतता होती. मग तुकडा विरघळला आणि नवरा मोकळी कुंडी हातात घेऊन घरभर फिरू लागला. "झाड कुठं गेलं? साहेब विचारतील. मी पाणी सोडलं होतं हो!" जेवेना, बसेना, दार उघडून रस्त्यावर पळू लागला. तिनं प्लॅस्टिकचं रोप आणून लावलं. त्यानं पान चिमटीत धरलं आणि तिच्याकडे पाहिलं. "मला वेडा समजतेस?"

काटेवालीनं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. अकरांतलं एक, पट्ट्यापट्ट्यांचं छोटं झाड, तिनं काडी खुपसून तपासलं. माती कोरडी, पानं टणक. पंधरा वर्षं जपलेलं. ते तिनं त्याच्या कुंडीत लावलं आणि पाण्यानं भरलेला मग त्याच्या हातात दिला. त्यानं मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली, पाणी घातलं आणि शांतपणे जेवायला बसला.

काही आठवड्यांनी मुलीचा फोन येतो. "बाबा काय करतायत?"

"झाडाला पाणी घालतायत."

"आणि तुझी झाडं? किती वाचली?"

"अकरा," ती सांगते. मागच्या खोलीत आता सात उरलीत.